संग्रहालयात कलाकार समोर बसून काम करतो तेव्हा

संग्रहालय म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना शाळेची सहल आठवते. रांग मोडू नका, हात लावू नका, चला पुढच्या दालनात. काचेमागे वस्तू, खाली पाटी, पाटीवर काळ आणि ठिकाण. ती वस्तू करायला किती दिवस लागले, करताना काय बिघडलं आणि कसं सावरलं, यातलं काहीच तिथे कळत नाही. बाईंनी वहीत उतरवून घ्यायला सांगितलेलं तेवढं घरी येतं.

जगातल्या बऱ्याच संग्रहालयांनी यावर एक उपाय शोधला आहे: घडवणाऱ्यालाच आत बोलवायचं. त्याला जागा द्यायची, साहित्य द्यायचं, मानधन द्यायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर त्याचं काम चालू द्यायचं. कुणी भिंत रंगवतं, कुणी माग लावतं, कुणी नदीकाठची माती चाळत बसतं. लोक थांबतात, विचारतात, जमलं तर हातही लावतात. संग्रहालयवाले याला लोकसहभाग म्हणतात.

कल्पना चांगलीच आहे. तरी तिच्यात एक गोम आहे आणि ती समजल्याशिवाय या प्रकाराचं बरंवाईट ठरवता येत नाही. कलाकाराला लोकांसमोर बसवणं हा यातला सर्वांत सोपा भाग. तिथे बसलेल्या माणसाला बोलता येतं का, नको असेल तर नाही म्हणता येतं का, काय करायचं आणि कधी थांबायचं हे त्याच्या हातात आहे का, हे अवघड भाग. ते जिथे जमलं तिथे लोक आणि संग्रहालय खरोखर जवळ आले. जिथे जमलं नाही तिथे जिवंत माणसाचीच प्रदर्शनातली वस्तू झाली. असं झाल्याची उदाहरणं आहेत, आणि त्यातलं एक आपल्याच देशातल्या माणसांचं आहे.

१८८६ साली लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनमध्ये ब्रिटिश वसाहतींचं एक प्रचंड प्रदर्शन भरलं, 'कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन'. सहा महिन्यांत पंचावन्न लाखांवर लोक ते बघून गेले. भारताच्या विभागात एका राजवाड्याचा देखावा उभारला होता आणि त्याच्या अंगणात भारतीय कारागीर दिवसभर काम करत बसलेले असत. गालिचे विणणारे, कुंभार, धातूकाम करणारे, असे ३४ जण. त्यांना आणलं होतं आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगाचे अधीक्षक डॉ. टायलर यांनी, आणि यातल्या बऱ्याच जणांनी हे काम शिकलं होतं त्याच तुरुंगात. बघायला येणाऱ्यांना मात्र ते भारतातल्या खेड्यातले पिढीजात कारागीर म्हणून दाखवले गेले. व्हिक्टोरिया राणीला ते इतके आवडले की तिने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्यांच्यातल्या काहींची चित्रं काढून घेतली. त्यातला बक्षीराम हा कुंभार १०२ वर्षांचा असल्याची नोंद आहे. ही चित्रं आजही ऑस्बोर्न हाऊस या राणीच्या वाड्यात आहेत. (राणीचा पुढे गाजलेला मुन्शी अब्दुल करीम हाही आग्र्याच्या तुरुंगातला कारकून. त्याला १८८७ साली विलायतेला पाठवण्यात याच टायलरसाहेबांचा हात होता.)

त्या अंगणात काय काय होतं बघा. खरे कारागीर, खरं काम, लोकांची तुडुंब गर्दी आणि प्रचंड कुतूहल. आजच्या भाषेत सांगायचं तर सहभागाचा आकडा डोळे दिपवणारा. तरी त्याला लोकसहभाग म्हणायला जीभ वळत नाही. एक तर भाषा वेगळी, त्यामुळे बोलणं जवळजवळ नाहीच. दुसरं म्हणजे कोण यायचं, काय करायचं आणि त्याची ओळख काय म्हणून द्यायची, हे सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. शंभर वर्षांच्या पलीकडच्या कुंभाराला विचारायला इंग्लंडच्या माणसाकडे प्रश्न नव्हता, आणि असता तरी उत्तर ऐकून घ्यायची सोय नव्हती.

पुढे हाच प्रकार बऱ्या रूपातही आला. स्टॉकहोमला १८९१ साली आर्थर हाझेलियस यांनी स्कान्सेन हे खुलं संग्रहालय उघडलं. जुनी घरं मूळ जागेवरून उचलून आणून तिथे पुन्हा उभी केली आणि त्यात जुने धंदे चालते ठेवले. तिथे बघणारे आणि दाखवणारे एकाच देशाचे, एकाच भाषेचे होते. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

मुळात, घडताना बघण्यात असं काय असतं? त्यासाठी आपल्या वारली चित्राकडे जवळून बघू. ठाणे-पालघरकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक सवासिणी लिहितात. भिंतीला शेणामातीचा हात, त्यावर गेरू. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, थोडा डिंक घालायचा. बांबूची काडी टोकाला चावून चावून मऊ केली की तोच कुंचला. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की धड झालं, हे कुठल्याही कार्यानुभवाच्या पुस्तकातून कळतं. पुस्तकातून कळत नाही ते हे: पीठ ओलं असताना रेघ जेमतेम दिसते. वाळत जाते तशी ती पांढरी होत वर येते. म्हणजे हात पुढे सरकतो तेव्हा मागची रेघ डोळ्यांना अजून नीट दिसायचीच असते. त्यात खाली पेन्सिलीचा आराखडा नाही की जवळ खोडरबर नाही. तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल फिरणारी माणसांची साखळी, आतल्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत, या अशा अर्ध्या दिसणाऱ्या रेघांनी उभी राहते. पाचएक मिनिटं शेजारी बसून हे बघितलं की 'हे तर लहान मुलंही काढतील' हे वाक्य पुन्हा तोंडातून निघत नाही. मग प्रश्न बदलतात. सुरुवातीचा प्रश्न 'केवढ्याला?' असतो. थोडा वेळ थांबलेला माणूस विचारतो, 'हे आधी मधून सुरू करायचं असतं का?'

या वारली चित्राच्या गोष्टीत एका मराठी माणसाचं नाव येतं आणि ते आपल्याकडे जेवढं माहीत असायला हवं तेवढं नाही. भास्कर कुलकर्णी, मुंबईचे चित्रकार. १९६६-६७च्या दुष्काळात बिहारच्या मधुबनी भागात बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून, हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्यांना तिकडे पाठवलं. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिला आणि तुमचंच तुमच्या रीतीने काढा म्हणून सांगितलं. पुढे ते वारली पाड्यांवर आले. तिथेही कागद-रंग बायकांसाठीच आणले होते, पण डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचा हात त्यांना वेगळा दिसला. बायकांची मानली गेलेली ही कला एक पुरुष रोज, लग्नाशिवायही, काढत होता. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. कुलकर्णींनी केलेलं काम कुठल्याही संग्रहालयाच्या इमारतीत झालेलं नाही, पण कलाकाराशी वागायचं कसं याचा वस्तुपाठ त्यात आहे. साहित्य द्या, वेळ द्या आणि हात अडवू नका.

मधुबनी आणि वारलीचे हे कलाकार पुढे ज्या ठिकाणी आले, ते दिल्लीच्या प्रगती मैदानाजवळचं क्राफ्ट्स म्युझियम. या प्रकाराचं भारतातलं सर्वांत महत्त्वाचं उदाहरण मला हेच वाटतं. संग्रहाची सुरुवात १९५० च्या दशकात झाली, कमलादेवी चट्टोपाध्याय हस्तकला मंडळाच्या प्रमुख होत्या तेव्हा. जुने नमुने जमवण्यामागचा हेतू असा होता की बाजाराच्या रेट्यात आपल्याच परंपरेपासून तुटलेल्या कारागिरांना ते बघता यावेत. म्हणजे हा संग्रह पर्यटकांच्या आधी कारागिरांसाठी होता. १९७२ च्या व्यापारमेळ्यासाठी तिथे वेगवेगळ्या प्रांतांतली मातीची घरं उभी राहिली होती, ती तशीच ठेवली गेली. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी त्यांच्याजवळ अंगणं आणि पडव्या असलेली बुटकी, पसरट इमारत बांधली. १९८४ साली ज्योतींद्र जैन तिथले संचालक झाले. त्या काळात देशभरातल्या कारागिरांना महिनाभरासाठी बोलवायची पद्धत चांगली रुजली. त्यांनी तिथेच राहायचं, अंगणात बसून काम करायचं, लोकांशी बोलायचं आणि केलेली वस्तू मधल्या दलालाशिवाय विकायची.

इथे कारागीर दाखवणारा तर होताच, बघणाराही होता. सकाळी स्वतःच्या आजोबांच्या काळची साडी दालनात बघायची आणि दुपारी अंगणात मागावर बसायचं, ही सोय १८८६ च्या लंडनमध्ये कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

गंगादेवी या मिथिलेच्या, म्हणजे मधुबनीकडच्या, थोर चित्रकर्तीनेही याच संग्रहालयात काम केलं. त्यांना कॅन्सर झाला होता, दिल्लीत उपचार चालू होते. त्या दिवसांत त्यांनी संग्रहालयातल्या एका खोलीच्या भिंती रंगवल्या. विषय कोहबर. मिथिलेत नवराबायकोच्या पहिल्या रात्रींची खोली बायका कमळवेली, बांबू, मासे, पोपट अशा चित्रांनी भरून काढतात, तिला कोहबर म्हणतात. गंगादेवींनी आयुष्यभरात कमावलेली बारीक रेघ त्या भिंतींवर होती. बघणारा चित्रासमोर उभा राहत नसे, चित्राच्या आत उभा राहत असे. त्या १९९१ साली गेल्या.

ही खोली २०१५ च्या सुमारास नूतनीकरणात पाडली गेली. बातमी बाहेर आल्यावर कलाजगतात मोठा संताप झाला, लेख आले, पण भिंत गेली ती गेलीच. हे इथे मुद्दाम सांगायचं कारण असं की लोकांसमोर काम करवून घेणाऱ्या संस्थांना त्या कामाचं पुढे काय करायचं हे ठरवायचं अनेकदा सुचतच नाही. त्यांच्या लेखी काम होतानाचे दिवस मोलाचे असतात. झालेलं काम भिंतीवर उरलं की ते कुणाच्याच नोंदवहीत नसतं. कपाटातल्या वस्तूला क्रमांक असतो, भिंतीला नसतो.

अमेरिकेतही साधारण असंच घडलं, फक्त शेवट बरा झाला. सॅन फ्रान्सिस्कोला ट्रेझर आयलंडवर १९३९-४० साली मोठं प्रदर्शन होतं. पहिल्या वर्षी युरोपातून उसनी आणलेली नामांकित चित्रं दुसऱ्या हंगामात परत गेली आणि भलंमोठं दालन रिकामं पडलं. मग टिमथी फ्लूगर या वास्तुविशारदाने कल्पना काढली की तिथे कलाकारच बसवू, लोकांना काम चालू असताना बघू दे. मेक्सिकोचे दिएगो रिवेरा आले आणि सुमारे ७४ फूट लांब, २२ फूट उंच भित्तिचित्र लोकांच्या डोळ्यांदेखत रंगवू लागले. भित्तिचित्राची ही जात, फ्रेस्को, बघणाऱ्यांसाठी फार सोयीची. ओल्या गिलाव्यावरच रंग बसतो, त्यामुळे एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा. आज आलेल्याला कालचं संपलेलं, आजचं चालू आणि उद्याचं कोरं असं तिन्ही एकदम दिसतं. हे चित्र पूर्ण झाल्यावर मात्र पेट्यांत बंद झालं आणि साधारण वीस वर्षं तसंच राहिलं. १९६१ साली ते एका कॉलेजात लागलं. २०२१ पासून काही वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात ते पुन्हा सर्वांसाठी खुलं होतं.

आता या विषयातली सर्वांत दुखरी गोष्ट. जपानच्या निइगाता प्रांतात तोकामाची नावाचं गाव आहे, हिवाळ्यात तिथे माणूस बुडेल इतका बर्फ पडतो. तिथल्या एका बंद पडलेल्या शाळेत तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली मिथिला म्युझियम सुरू केलं. भारतातल्या लोककलाकारांना तिथे बोलवायचं, महिनोन् महिने राहू द्यायचं आणि मोठी चित्रं करवून घ्यायची. गंगादेवी तिथे राहिल्या, त्यांची फार मोठी कामं तिथे झाली, हे नाकारता येत नाही. पण जनगढ सिंह श्याम हेही तिथेच गेले. पाटणगढ या मध्य प्रदेशातल्या गावचे हे परधान गोंड चित्रकार. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांना भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आणलं आणि जनगढ यांच्या हातून गोंड चित्रकलेला तिची आजची ओळख मिळाली. जुलै २००१ मध्ये मिथिला म्युझियममध्ये मुक्कामाला असताना जनगढ यांनी आपलं आयुष्य संपवलं. चाळिशीच्या आसपासचं वय. घरी परत यायची ओढ त्यांनी पत्रांतून कळवली होती. भारतातल्या कलाकारांनी त्यानंतर चौकशीची मागणी केली, लोककलाकारांशी होणाऱ्या करारांबद्दल जाहीरपणे प्रश्न विचारले.

मी हे कुणा एकावर ठपका ठेवायला सांगत नाही. पण कलाकाराला मुक्कामी बोलावण्याचा करार कसा असावा, हा प्रश्न तेव्हापासून कागदपत्रापुरता उरलेला नाही. किती दिवस, किती पैसे, कधी परत जायचं, मधेच जावंसं वाटलं तर काय, बोलायला आपल्या भाषेचं माणूस आहे की नाही. परगावच्या मोठ्या शहरातला कलाकार हे प्रश्न ईमेलवर आधीच विचारून घेतो. पाटणगढच्या किंवा गंजाडच्या माणसाच्या वतीने ते कोण विचारतं?

काही कलाकारांनी हा सगळा डाव उलटा करून दाखवला. त्यात माझ्या सर्वांत आवडीचं उदाहरण मिअर्ले लेडरमन युकेलेस यांचं. १९७३ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावच्या वॉड्सवर्थ अथेनियम या जुन्या संग्रहालयात त्यांनी जे केलं ते बाहेरून बघणाऱ्याला निव्वळ साफसफाई वाटेल. त्यांनी गुडघ्यांवर बसून, फडकी घेऊन, संग्रहालयाच्या पायऱ्या तासन् तास धुतल्या. मग आतली फरशी धुतली. लोक येत, ओल्या फरशीवर पाय उमटवत, त्या पुन्हा पुसत.

त्याच दिवसांत त्यांनी आणखी एक प्रयोग केला, तो मला जास्त मार्मिक वाटतो. एका दालनात काचेच्या पेटीत एक ममी होती. ती काच रोज पुसायचं काम सफाई कामगाराचं. युकेलेस यांनी आधी त्याला नेहमीसारखी काच पुसायला सांगितली. मग तीच काच कलाकार म्हणून स्वतः पुसली आणि ही आता कलाकृती आहे असा शिक्का मारला. कलाकृती झाली म्हटल्यावर नियम बदलला! आता ती काच पुसायचा अधिकार फक्त जतनतज्ज्ञाचा. मग जतनतज्ज्ञ आला, त्याने काच पुसली आणि रीतसर अहवाल लिहिला. तीच काच, तेच पुसणं. पहिल्या माणसाच्या कामाची कुठेही नोंद नाही, तिसऱ्याच्या कामाचा अहवाल. संग्रहालयात कुणाचा हात मोलाचा धरला जातो हे एका फडक्याने दाखवून दिलं. पुढे त्या न्यूयॉर्कच्या सफाई खात्यातच कलाकार म्हणून गेल्या. १९७९-८० मध्ये सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी त्यांनी एकेक करून हात मिळवला आणि प्रत्येकाला सांगितलं, हे शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार.

इथे लोकसहभाग कुठे आला, असं कुणी विचारेल. एरवी संग्रहालयात फक्त झाडूसकट शिरणाऱ्या माणसाला त्या दिवशी कळलं की दालनात जे चाललंय ते त्याच्याबद्दल आहे.

लंडनच्या टेट संग्रहालयाने १९९९ साली मार्क डायन या कलाकाराबरोबर दुसऱ्या तऱ्हेने काम केलं. टेट मॉडर्न उघडायला वर्ष होतं. डायन यांनी आसपासच्या रहिवाशांना स्वयंसेवक म्हणून घेतलं आणि ओहोटीच्या वेळी टेम्स नदीचे काठ उकरले. सापडेल ते गोळा केलं: मातीच्या जुन्या चिलमी, हाडं, शिंपले, बाटल्या, प्लॅस्टिक. मग संग्रहालयाच्या हिरवळीवर तंबू ठोकून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर त्या वस्तू धुतल्या, निवडल्या, लावल्या. तयार झालेल्या लाकडी कपाटात जुनं आणि कालपरवाचं एकत्र मांडलं आहे. वस्तू जपण्यालायक केव्हा होते, हा निर्णय बंद खोलीत होत असतो. तो इथे उघड्यावर झाला आणि शेजारच्या वस्तीतल्या माणसांनी केला.

अॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये जुलै २०१९ पासून रेम्ब्रांटच्या १६४२ सालच्या 'नाइट वॉच' या चित्रावर काचेच्या खोलीत, लोकांदेखत काम सुरू झालं. आधी तपासणी, मग २०२४ च्या अखेरीपासून जुनं व्हार्निश काढण्याचं काम. उपक्रम उत्तम आहे, पण काच मध्ये असल्याने बघणं बघण्यापाशीच थांबतं. अर्थात तिथे ते बरोबरच आहे. एवढ्या मोलाच्या चित्राजवळ कुणी प्रश्न विचारायला वाकू नये.

हे सगळे प्रकार एका तराजूत कसे घालायचे? शेरी आर्नस्टीन या अमेरिकी नियोजनतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. ती खरं तर शहर नियोजनासाठी होती, पण इथे चपखल बसते. खालच्या पायऱ्यांवर लोकांना फक्त बघायला-ऐकायला बोलावलेलं असतं. मधल्या पायऱ्यांवर त्यांना विचारलं जातं, पण ठरवणारे ठरवून बसलेले असतात. वरच्या पायऱ्यांवर निर्णयात वाटा मिळतो. आग्र्याचे कारागीर तळाशी. क्राफ्ट्स म्युझियमचं अंगण मधल्या पायरीवर, चांगल्या दिवसांत त्याहून वर. डायन यांची खोदाई आणखी वर. २०१८ साली तानिया ब्रुगेरा या कलाकार बाईंनी टेट मॉडर्नच्या आसपास राहणाऱ्या २१ शेजाऱ्यांचा गट केला आणि त्या गटाने संग्रहालयाच्या एका इमारतीला राजेरजवाड्याचं किंवा देणगीदाराचं नाव न देता तिथल्याच एका समाजकार्यकर्तीचं नाव दिलं. हे जवळजवळ वरचं टोक. आपण बघायला गेलो तर तिथे आपण कितव्या पायरीवर उभे आहोत हे स्वतःशी विचारून बघावं.

प्रत्यक्षात गाडी अडते ती साध्या गोष्टींवर. पैसा बघा. कारागिराला रोजचं मानधन न देता 'तुमची विक्री तुमची' एवढंच सांगितलं, तर तो विकलं जाईल तेच करतो. पुस्तकातली खूण, किल्लीची साखळी, हातभर लांबीचं चित्र. त्याचं खरं मोठं काम लोकांना दिसतच नाही, कारण आठवडा खर्ची घालून काढलेलं चित्र रविवारच्या गर्दीतलं कुणी विकत घेईलच असं नाही. मानधन, प्रवास, राहणं आणि साहित्य हे वेगळं मिळालं तरच तो निवांत बसून त्याला हवं ते करू शकतो.

जागेचीही गंमत आहे. तांदळाचं पीठ, शेण, ओली माती, गवत या सगळ्यांनी कीड आणि बुरशी येते, म्हणून जतन विभाग कलाकाराला जुन्या वस्तूंच्या दालनात बसू देत नाही. त्याचं म्हणणं रास्त आहे. पण मग बऱ्याच ठिकाणी कलाकाराची रवानगी होते उपाहारगृहाच्या मागच्या शेडमध्ये आणि आतल्या वस्तूंशी त्याचा संबंधच तुटतो. चांगलं संग्रहालय दालनाला लागून पडवी काढतं, किंवा दिवसातून एकदा कलाकारालाच घेऊन लोकांना दालनात नेतं, आणि तिथे बोलायला लावतं त्यालाच, गाइडला नाही.

दुभाष्या ही तिसरी गोष्ट. मैथिली बोलणाऱ्या बाईसमोर मराठी कुटुंब उभं असेल तर मधे दोन्ही जाणणारं कुणीतरी पाहिजे. नाही तर होतं ते फोटो काढणं. आणि विश्रांती! आठ तास लोकांच्या नजरेखाली बसणं हे दमवणारं काम आहे. 'आज दुपारी दोननंतर' अशी पाटी लावायला काहीच बिघडत नाही.

आपल्याकडे या कामासाठी जमीन तयार आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ सालचं. २००८ साली दुरुस्तीनंतर ते उघडलं आणि तेव्हापासून आजच्या कलाकारांना जुन्या संग्रहाला उत्तर देणारी कामं करायला तिथे बोलावलं जातं. २०१३ साली रीना कल्लाट या कलाकार बाईंनी इमारतीच्या दर्शनी भागावर रबरी शिक्क्यांचं अजस्र कोळ्याचं जाळं लावलं होतं, त्यातल्या शिक्क्यांवर मुंबईच्या रस्त्यांची जुनी नावं होती. आत काचेच्या कपाटांत मुंबईतल्या जातीजमातींच्या आणि धंद्यांच्या मातीच्या छोट्या आकृती आहेत, फार देखण्या. त्या धंद्यांतली माणसं आजही भायखळा-परळच्या गल्ल्यांत आहेत. मला तर वाटतं, त्यातल्या एखाद्या कुंभाराला किंवा शिंप्याला त्या कपाटाशेजारी बसवून आपल्याच धंद्याची आकृती बरोबर आहे का, हे त्याला लोकांसमोर सांगू द्यावं.

कोल्हापुरात तर हे अर्धं होतंच आहे. रंगबहार ही तिथली संस्था गेली अनेक वर्षं टाऊन हॉलच्या बागेत 'मैफल रंगसुरांची' भरवते. झाडाखाली गाणं चालू असतं आणि आजूबाजूला चित्रकार चित्र काढत असतात, शिल्पकार मातीत चेहरा उभा करत असतात. बघायला फक्त कलाशाळेची मुलं नसतात, घरची मंडळी पोराबाळांना घेऊन येतात, घोळक्याने उभी राहतात, मुलगा चित्रकाराच्या कोपरापर्यंत जाऊन डोकावतो आणि कुणी त्याला हाकलत नाही. त्याच टाऊन हॉलच्या इमारतीत कोल्हापूरचं संग्रहालय आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंचं. समुद्रदेव पोसायडनची दोन हजार वर्षांपूर्वीची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे. बाग आणि दालन यांच्यामध्ये फक्त एक दार आहे. मैफलीच्या दिवशी त्या दारातून चार शिल्पकारांना आत नेऊन त्या मूर्तीसमोर बसवलं आणि ती ओतली कशी असेल हे माती हातात घेऊन समजावायला सांगितलं, तर त्यासाठी नवीन इमारत लागणार नाही की मोठा निधी लागणार नाही. लागेल ती संग्रहालयाची परवानगी, खाली अंथरायला ताडपत्री, आणि शिल्पकारांना त्या दिवसाचं रीतसर मानधन.